भाकरीचा मोठा तुकडा

"लांब हो. उपरणं पसर."

बेंबळीच्या भर बाजारात, वाण्याच्या ओट्यावर बसलेला स्वामी मला म्हणाला. कपाळाला भस्म, गळ्यात रुद्राक्ष. मी खाली उभा. त्यानं भाकरी मोडली, दोन्ही तुकडे न्याहाळले आणि मोठा तुकडा वरून माझ्या उपरण्यात टाकला. बोट लागू दिलं नाही.

वाणी हसला. "घे रं. स्वामींच्या हातची हाय. सात पिढ्या उद्धरतील तुझ्या."

मी हललो नाही. तुकडे असे न्याहाळून मोठा समोरच्याला देणारा एकच माणूस मला माहीत होता.

मौलवी. निजामाच्या राज्यात तो आमच्या महारवाड्यात यायचा. माझ्या ताटात हात घालणारा पहिला परका माणूस. "अल्लाच्या दारात कुणी लांब उभा राहत न्हाय," म्हणायचा. त्याच्या पत्रकांवर मी अक्षरं शिकलो. आमचं घर कलमा वाचून मुसलमान झालं ते त्या एका ताटासाठी.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. त्याच्या धर्मप्रचारक मंडळीवर बंदी आली. तो गायब. आम्ही कुठं जाणार? मुसलमान झालात म्हणून गावानं आमची घरं पेटवली. विझवताना बापाचे हात जळाले. अजून मूठ मिटत नाही त्याची.

भाकरीच्या पापुद्र्यात घडी घातलेली पत्रकं होती. आडोशाला जाऊन उघडली. वाक्यं तीच, मला पाठ असलेली. फक्त अल्लाच्या जागी शिव. खाली ना नाव, ना गाव.

दुपारी त्याला ओढ्याकाठी एकटा गाठला.

"मौलवीसाब, लांब हो म्हणालात."

तो दचकला नाही. "बेटा, बंदी हाय. वाण्यासमोर तुला जवळ घेतलं तर मी उघडा पडीन. काम थांबलं न्हाय पायजे. वाड्यात पत्रकं तू वाट. तुझ्यावर कोण शक घेणार?"

"सापडली तर?"

"तुमच्या लोकांना सोसायची सवय हाय."

तुमच्या लोकांना. इतकी वर्षं त्यानं हा शब्द कुठं ठेवला होता?

एक हाक मारली असती तर बाजारानं त्याला तिथंच तुडवला असता. मी मारली नाही. ज्या हातांनी माझं घर पेटवलं, त्या हातांत मी माणूस देणार नव्हतो. भाकरी आणि पत्रकं दोन्ही त्याच्या हातात ठेवली. बोटं मुद्दाम लावली. त्यानं हात मागं घेतला. तिथं बघायला कुणी नव्हतं, तरी घेतला.

परवा इकडच्याच वाशी गावाहून आलेला पाहुणा सांगत होता, तिकडं एक नवा साधू आलाय. लई मायाळू. भाकरी मोडतो आणि मोठा तुकडा समोरच्याला देतो. ऐकून बापानं न मिटणारे हात मांडीखाली लपवले.

मी आता माझं पत्रक लिहितो. खाली माझं नाव, माझा वाडा. ज्याला पेटवायचंय त्याला घर शोधावं लागणार नाही. देव कोणता, ते मी नंतर ठरवीन. पण वरून टाकलेला तुकडा, शिवाच्या नावाचा असो की अल्लाच्या, या वाड्यात कुणी झेलणार नाही.