जहांआराची पेनची पाटी

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आसिम रेडिओ हाऊस नावाचं आठ बाय दहाचं दुकान आहे. आसिम म्हणजे जहांआराचे अब्बा. ते जाऊन बारा वर्षं झाली. रेडिओही गेले. दुकान जहांआरा चालवते. वय चौपन्न. मोबाइल, मिक्सर, पंख्याचं वाइंडिंग, जे येईल ते उघडते. दहावी झाल्यावर ती अब्बांच्या शेजारच्या स्टुलावर बसली, ती आजपर्यंत तिथंच आहे. अब्बांची एक शिस्त तिनं कधी मोडली नाही. काढलेला स्क्रू टेबलावर ठेवायचा नाही, फुटक्या स्पीकरच्या लोहचुंबकावर चिकटवायचा. ते चुंबक चाळीस वर्षं टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात पडून होतं.

दुकानाचा बोर्ड प्रेमानंद पेंटरचा. जहांआरा वीस वर्षांची असताना त्यानं हातानं रंगवलेला. मागच्या वर्षापर्यंत त्यातलं ‘हाऊस’ पुसून गेलं होतं. ती पेंटरच्या घरी गेली, तेव्हा त्यानं उजवा हात तिच्यासमोर धरला. हात वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. कंपवात.

“फ्लेक्स करून घे, आपा,” तो म्हणाला. “दोन तासात देतात.”

“फ्लेक्स नाही लावणार मी. तुमचंच अक्षर पाह्यजे.”

“वरसभर झालं, हे खाटेवरून उठून नाही राह्यले,” त्याची बायको कलाबाई आतून म्हणाली. “आन तुम्ही बोर्ड मागून राह्यल्या.”

जहांआरा परत आली, पण तो हात काही तिच्या डोक्यातून जाईना. त्याच्या वयाच्या लोकांचे मोबाइल ती रोज पाहत होती. कापरं बोट काचेला लागलं की भलतंच काहीतरी उघडतं. हात टेकवून लिहायची सोयच नाही.

दुकानाच्या माळ्यावर एक पोतं होतं. भंगारवाल्याकडून घेतलेले तीन जुने कॉम्प्युटर त्यात होते, कीबोर्ड नसलेले, शाळेच्या पाटीएवढे, पेननं चालणारे. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुठल्याशा सर्वेवाल्यांनी वापरून टाकलेले. त्यांची काच बोट ओळखत नाही, फक्त त्यांचं पेन ओळखते. अख्खा तळहात टेकवला तरी चालतं. तिला तेच हवं होतं.

तिघांचे भाग जमवून एक पाटी चालू झाली. पण तिची मूळची सिस्टीम कामाची नव्हती. पेन जसं हलेल तशीच रेघ, हात कापला की रेघही कापणार. तिथं आत हात घालायला जागाच नव्हती. म्हणून तिनं लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम टाकायचं ठरवलं, कारण त्यातला पेनचा प्रोग्राम उघडून वाचता येतो आणि बदलताही येतो.

पाटीला सीडी नाही, पेनड्राइव्हवरून ती सुरू होत नाही. जहांआरानं हार्डडिस्क काढून तिथं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बसवलं. कार्डावर सिस्टीम दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरायची, कार्ड पाटीत लावायचं, चालू करून पाहायचं. नाही झालं की पुन्हा काढायचं. पाठीला अकरा स्क्रू. हे चौदा वेळा झालं. एकशे चोपन्न स्क्रू काढले, तेवढेच लावले, एकही हरवला नाही. इंग्रजी ती डिक्शनरी घेऊन वाचते. जुने कॉम्प्युटर जगवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर तिनं प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातल्या माणसानं कोणती ओळ बदलायची ते सांगितलं. पेन सेकंदाला शंभर वेळा आपली जागा कळवतं. प्रोग्राम त्यातल्या चार जागांची सरासरी काढत होता. जहांआरानं चारचे तीस केले. कापरेपणा सरासरीत बुडाला.

तिनं पेंटरला बोलावणं धाडलं. कलाबाई त्याला रिक्षातून घेऊन आली.

पाटी टेबलावर होती. पेंटरनं हात टेकवला आणि उभी रेघ ओढली. वरचा अर्धा भाग सरळ आला. खाली येता येता रेघ उजवीकडे वाकली. दुसरी ओढली, तीही वाकली. सहाव्या रेघेनंतर त्यानं पेन ठेवलं.

“मशीन चांगली आहे, आपा. हातच गेला माहा.”

“थांबा ना भाऊ, पाहू.”

“काय पाह्यतं? पाह्यलं ना.” तो उठला. कलाबाईनं त्याला धरून रिक्षात बसवलं. रिक्षा गेली.

जहांआरा सहा रेघांकडे बघत बसली. सहाही एकाच जागी वाकल्या होत्या. कापणारा हात इतका नेमका नसतो. तिनं स्टीलची पट्टी धरून स्वतः रेघ ओढली. तीही तिथंच वाकली. म्हणजे दोष पाटीत होता, आणि माणूस स्वतःला दोष देऊन घरी गेला होता.

आठ दिवस तिनं प्रोग्रामातले आकडे बदलले. तीसचे वीस, वीसचे चाळीस. काचेच्या चार कोपऱ्यांवर पेन टेकवून जागेचं माप पुन्हा पुन्हा घेतलं. रेघ वाकतच राहिली.

नवव्या दिवशी दुपारी पाठीचा एक स्क्रू लावायचा राहिला होता. उजव्या हातात पेन काचेवर टेकलेलं. तिनं डाव्या हातानं चुंबक स्क्रूसकट उचलून जवळ घेतलं, आणि काचेवरचा बाण आपोआप सरकला. चुंबक परत कोपऱ्यात ठेवलं. बाण सरकून जुन्या जागी आला. चुंबक मागच्या फळीवर ठेवलं. बाण आणखी थोडा सरकला आणि तिथंच राहिला. पट्टी धरून रेघ ओढली. सरळ.

चाळीस वर्षांची शिस्तच आडवी आली होती. जहांआरानं दुकानाचं शटर ओढलं, पाटी पिशवीत घातली आणि पेंटरच्या घरी गेली.

“परत काऊन आणली?” पेंटर खाटेवरूनच म्हणाला.

“चूक माही होती, भाऊ. स्क्रू ठेवायचं चुंबक पाटीजवळ होतं, ते पेनाले ओढून राह्यलं होतं. तुमच्या हाताचा दोष नव्हता.”

“मले बरं वाटावं म्हणून सांगते का?”

“मी पट्टी धरून ओढली, माही बी वाकली. आठ दिवस लागले मले समजाले.”

पेंटरनं कलाबाईकडे पाहिलं.

“असं काय पाह्यता? ओढा,” ती म्हणाली. “तेवढी तर ताकद आहे ना.”

पाटी मांडीवर घेऊन त्यानं हात टेकवला. रेघ हळूहळू खाली आली, शेवटपर्यंत सरळ.

“रेघ मागून येते,” तो म्हणाला.

“तुमच्या ब्रशाचा रंग बी मागूनच यायचा.”

तो हसला नाही. दुसरी रेघ ओढली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत त्यानं पाटी खाली ठेवली नाही.

बोर्डाची नऊ अक्षरं एकोणीस दिवसांत झाली. ‘डि’ त्यानं सहा वेळा टाकून दिला. रेडियमच्या नंबरप्लेट कापणाऱ्या एका दुकानात जुनं कटिंग मशीन होतं. पाटीची वायर त्याला लागली आणि अक्षरं कापून निघाली. चुंबक आता दुकानात टेबलासमोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं आहे. प्रत्येक स्क्रूसाठी जहांआरा चार पावलं जाते, चार पावलं येते.

बोर्ड लावला त्या दिवशी पेंटर रस्त्यापलीकडे उभा राहून बराच वेळ बघत होता. मग हळूहळू रस्ता ओलांडून आला.

“‘ओ’ची मात्रा बारीक झाली.”

“मले तर चांगली दिसते.”

“तुले दिसन. मले नाही दिसत.”

“मग उतरवू का?”

“उतरव,” पेंटर म्हणाला. “पाटी चार्जिंगले लावून ठेव. उद्या सकाळी येतो.”