लाटांची गोधडी

निघोज्याच्या गवराबाईंनी अनिताला सून म्हणून पसंत केलं ते तिच्या टाक्यावरून. बघण्याच्या कार्यक्रमात लोक मुलीला चालून दाखवायला सांगतात, स्वयंपाकाचं विचारतात. या बाईनं पिशवीतून अर्धी शिवलेली गोधडी काढून पोरीच्या पुढ्यात टाकली आणि हातात सुई दिली. टाके बघून म्हणाल्या, "ही आमची." अशा सासूचा धाक बसला नाही तरच नवल! पण धाकाच्या पोटात माया होती. 'अने' अशी त्यांची हाक पार गोठ्यापर्यंत जायची, आणि सासू आज रागात आहे की लाडात, ते त्या हाकेवरूनच कळायचं.

ती हाक आता बंद झाली आहे. गवराबाईंना विसर पडू लागला, तो आधी भांड्यांचा, मग वारांचा, मग माणसांचा. पोटचा गोरक्ष कंपनीची बस लावून घरी आला की त्या पदर सावरून बसतात, पाहुणा आल्यासारख्या. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, यातून माणूस मागं फिरत नाही. गोरक्षानं ते मान खाली घालून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेला. अनिताला मात्र ते गळी उतरेना. तिला जास्त काही नको होतं. आत्याबाईंनी एकदा तिच्याकडे बघून 'अने' म्हणावं, एवढंच.

तिला आशा होती ती गोधडीवर. माणसं विसरली तरी म्हातारी दिवेलागणीला अंथरूण चाचपायची आणि विचारायची, "माझी गोधडी कुठं हाय?" जुनी गोधडी कधीच धुण्यात विरून हातात आली होती. गवराबाईंची गोधडी कडेनं सुरू व्हायची आणि टाका आत आत फिरत मधोमध मिटायचा. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात भाकरीचा घास ठेवायचा, कारण उपाशी गोधडीखाली झोप लागत नाही, ही घरची रीत. झोपताना त्या बोटानं टाक्याची वाट चालायच्या आणि मध्यावर पोचेपर्यंत डोळा लागायचा.

मग सुनेनं हातानं शिवून का दिली नाही? चाकणच्या रस्त्याला रश्मीताईंचा रजयांचा कारखाना आहे, अनिता तिथं कामाला जाते. तिथं चौकटीवर ताणलेल्या कापडावरून लांब मानेचं मशीन फिरतं. मागच्या टेबलावर नक्षीचा कागद पसरायचा, मशीनचे दांडे धरायचे आणि त्यातून पडणारा उजेडाचा लाल ठिपका कागदावरच्या रेघेवरून चालवायचा. तीच नक्षी कापडावर शिवली जाते. ते थरथरते दांडे धरून धरून अनिताच्या बोटांना मुंग्या येतात. ज्या हातावर ती या घरात आली, त्या हातात आता बारीक सुई ठरत नाही.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, कारखान्यालाही. रश्मीताईंना विचारून अनितानं ट्रंकेतली सासूची लुगडी चौकटीवर चढवली आणि कागदांच्या सगळ्या गुंडाळ्या टेबलावर उलगडल्या. वेली होत्या, पिसं होती, भोवरे होते. पिसं दाट, जुन्या सुताला एवढे टाके सोसायचे नाहीत, वर गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची. वेली लुगड्याच्या काठात हरवून जात होत्या. भोवरे वाटीएवढे, एकेकाचा मध्य निराळा. आणि कडेनं आत जाणारा कागद नव्हताच. मशीन या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळ शिवतं, मग पुढची ओळ. त्याला मध्य ठाऊक नाही.

निदान साध्या सरळ ओळी तरी घेते, असं ती म्हणाली. रश्मीताईंनी मान हलवली. "सरळ रेघच सगळ्यात अवघड, अनिता. हात जरा हलला की लगेच दिसतं. वळणात खपून जातं."

शेवटी तिनं लाटांचा कागद घेतला, मोठ्या, संथ लाटांचा. दिवसभर श्वास रोखून ठिपका चालवला. एक ओळ दुसरीवर चढू दिली नाही, काठ कुठं तिरका गेला नाही. चारी बाजूंनी पट्टी लावून कडा मिटवल्या तेव्हा रश्मीताईसुद्धा म्हणाल्या की कारखान्यात इतकं चोख काम कधी झालं नव्हतं. बिचारी हुरळून गेली.

ती घरी आली तेव्हा गवराबाई जेवत होत्या. अनितानं गोधडी त्यांच्या मांडीवर घातली आणि समोर बसली. म्हातारीनं लुगड्याचा काठ ओळखला असावा, चेहरा जरा उजळला. बोट कडेवर टेकलं, लाटेवरून चालू लागलं आणि पलीकडच्या कडेला जाऊन थांबलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. बोट पुन्हा तिथंच. मग त्यांनी एकेक कोपरा चिमटीत धरून दाबून पाहिला.

"उपाशी हाय ही," गवराबाई म्हणाल्या.

अनिताला तेव्हा आठवलं. सगळा जीव नक्षीत गुंतला आणि घास राहिला.

गवराबाईंनी ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तो आत सारायला फट शोधू लागल्या. हा कोपरा, तो कोपरा, मग सगळी कड. पट्टी पक्की बसली होती. आपल्या चोख कामाचा अनिताला इतका राग कधी आला नव्हता. कात्री आणायला ती उठणार, तोच म्हातारीनं गोधडीची नीट घडी केली आणि तिच्या हातात दिली.

"ज्याची हाय त्याला देऊन टाक. वाट बगत आसंल."

मग हातातला घास तिच्यापुढं धरला. "तू तरी खा, बाई. कुणाची गं तू?"

अनितानं घास तोंडात घेतला. आत्याबाई उत्तराची वाट बघत होत्या, म्हणून ती कसंबसं म्हणाली, "हितलीच."