टाळूवरचा हात

पॅसिफिक महासागरातल्या वावाऊ बेटावरच्या त्या गावात लुसेआनेला सगळे ‘फीची मॉर्मन’ म्हणत. तेराव्या वर्षी ती मॉर्मन चर्चच्या शाळेत गेली आणि तिथेच तिनं बाप्तिस्मा घेतला. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, “फी कमी करायला पाण्यात बुडी मारलीय पोरीनं. शाळा संपली की येईल वर.” आता तिला सेहेचाळिसावं चालू होतं, नातू रांगत होता, तरी गाव वाट बघतच होतं. तिच्या नवऱ्याला, सेमिसीला, बाजारात अजून विचारत, “काय रे, दुसरी कधी आणतोस?” दोन बायका केल्या तर आमच्यात चर्चमधून काढून टाकतात, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. झाडाच्या सालीचं कापड बडवताना ती मनातल्या मनात उत्तरं घोळवायची आणि वेळ आली की नुसतीच हसायची.

वडिलांचं, हाविलींचं, पोटाचं ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या दिवशी विमानानं राजधानीला न्यायचं होतं. म्हातारा पक्का वेस्लियन पंथाचा, पन्नास वर्षं चर्चच्या गाण्यात खालचा सूर धरलेला. दुपारी त्यांनी तिला हळूच सांगितलं, “सेमिसीला बोलाव. त्याचं ते तेल घेऊन ये म्हणावं.”

लुसेआनेनं दाराकडे पाहिलं. तेल म्हणजे टाळूला बोट लागणार, डोक्यावर हात ठेवावा लागणार. बापाच्या डोक्याला तर पोटची पोरंही हात लावत नाहीत. आणि बाहेर ओसरीवर फाने आत्या बसली होती. भावाच्या खोलीत बहीण जात नाही, म्हणून तिनं दाराबाहेर चटई टाकली होती. भिंत मात्र फळ्यांची, आणि या घरात आत्याचा शब्द शेवटचा.

“लुसे! तेल कसलं गं?”

“ऑलिव्हचं, आत्या. एक थेंब टाळूवर लावून आमच्यातले पुरुष आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात.”

“माझ्या भावाच्या टाळूवर? आणि प्रार्थना कुणाची, तुमच्या त्या वेगळ्या येशूची?”

“येशू एकच आहे, आत्या.”

“मग बायबल सोडून दुसरं पुस्तक कशाला लागतं? थेंबाथेंबानं मॉर्मन करून टाकाल त्याला. विमानात बसेपर्यंत वेस्लियन उरायचा नाही!”

लुसेआने बाहेर आली आणि आत्याच्या पायाशी बसली. घोळवून ठेवलेलं एकही उत्तर आठवेना. तोंडून निघालं ते भलतंच.

“तेहेतीस वर्षं झाली, आत्या. माझ्याबद्दल तुम्ही गावाला विचारता. मला एकदा तरी विचारलंत?”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. आत्याला उलटून बोलली होती ती. आता आत्या उठून जाईल, सगळ्या नातलगांत सांगेल, बाबा हे सगळं मनात घेऊन ऑपरेशनला जातील.

आत्या उठली नाही. वारा घालायचा पंखा तिनं मांडीवर ठेवला. “बरं, विचारते. मेलेल्या माणसालाही तुम्ही बाप्तिस्मा देता म्हणे. खरं की खोटं?”

इतक्या वर्षांत खऱ्या गोष्टीला हात घालणारा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. नाही म्हटलं असतं तर सुटली असती.

“खरं आहे. त्याच्या नावानं दुसरं कुणीतरी पाण्यात उतरतं. तो बाप्तिस्मा घ्यायचा की नाही, ते मेलेल्यानं ठरवायचं, असं आम्ही मानतो.”

“माझ्या भावाचं नाव देशील?”

“द्यावंसं वाटतं,” लुसेआने म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तर देणार नाही.”

आतून हाविलींचा आवाज आला. बहिणीशी ते कधी थेट वाद घालत नसत. “लुसे, आत्याला सांग, मी अजून जिवंत आहे. सकाळी पाद्री येऊन गेले, आता जावई येऊ दे. मला भीती वाटतेय, म्हणून सांग.”

निरोप पोहोचवायची गरज नव्हती. आत्यानं मांडीवरचा पंखा पुन्हा उचलला.

“नवऱ्याला सांग, हात हलका ठेव. आणि मी आहे तोवर नाव द्यायचं नाही.”

“नाही देणार,” लुसेआने म्हणाली, आणि सेमिसीला बोलवायला उठली.

सेमिसी आला. “तुलोउ, तुलोउ,” अशी माफी पुटपुटत त्यानं सासऱ्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. प्रार्थना दोन मिनिटांची. लुसेआनेचे कान बाहेर लागले होते. आत्याचं आमेन ऐकू आलं नाही, पण ती चटईवरून उठलीही नाही.

पाच आठवड्यांनी हाविली परत आले, अर्धे झालेले, पण नीरफणस मागून मागून खाणारे. आत्या मग दर शनिवारी लुसेआनेकडे यायला लागली. चहा का घेत नाही, मॉर्मन देवळात बाहेरच्यांना का येऊ देत नाही, एकेक विचारायची. काही उत्तरं तिला पटायची नाहीत, आणि तसं ती तोंडावर सांगायची. अंगणात आत्याच्या काठीचा आवाज आला की अजूनही लुसेआने मनात उत्तरं घोळवायला लागायची, पण ती उठून चटई टाकायची.