बुढा

अकोल्याच्या कोर्टाच्या फाटकाशी जयवंताबाई पेरू विकायला बसते. जिभेची तिखट, भाव पाडायला गेलात तर चारचौघांत पाणउतारा करील. पण पोलिसांबरोबर एखादं पोर साक्षीला आलं, की ती टोपलं टाकून उठते. त्यामागची गोष्ट तिनेच मला सांगितली आणि ऐकून माझा जीव जळला.

पहिल्या जर्मन लढाईचे दिवस. जयवंता आठेक वर्षांची, माय आधीच गेलेली. हिवरखेडला तिचा बाप गोवर्धन याने तिच्या धाकट्या भावाला, भगवंतला, कडब्याच्या कोठ्यात कोंडलं. पोर पाणी मागत मागत तिथेच मेलं. पाहिलं ते एकट्या जयवंताने. फिर्याद दिली तिच्या आज्याने, मायच्या बापाने, शालिकरामने. गोवर्धन सुटला तर पोरगी पुन्हा त्याच्याच हाती जाणार, म्हणून म्हातारा देव पाण्यात घालून बसला होता.

"कोणी कोंडलं त्याला?" कोर्टात जज्जसाहेबांनी जयवंताला विचारलं.

"बुढ्यानं."

आमच्या वऱ्हाडात बापालाच बुढा म्हणतात, मग तो पंचविशीचा का असेना. साहेब पुण्याकडचे. त्यांनी 'म्हातारा' लिहून घेतलं. आरोपीचा वकील मात्र अस्सल अकोल्याचा, त्याच्या घरची पोरंही त्याला बुढाच म्हणत असणार. मेल्याला सगळं कळलं होतं. तोंडात साखर घोळवत त्याने विचारलं, "कोनता बुढा, बेटा? जाऊन हात लाव त्याले."

समोर गोवर्धन डोळे वटारून उभा. पोरगी धावत सुटली आणि आज्याच्या धोतराला बिलगली.

"पाहिलंत, साहेब?" वकील म्हणाला.

"मी आजा हाओ तिचा! बुढा म्हंजे बाप, साहेब!" शालिकराम ओरडला. पट्टेवाल्याने त्याला बाहेर काढलं. फिर्यादी तोच, मग त्याचं कोण ऐकणार?

संशयाचा फायदा मिळून गोवर्धन सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच त्याने जयवंताला मनगट धरून नेलं. लग्न होईपर्यंत ती त्याच घरात होती. तिथलं ती कधी बोलली नाही. तिचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही, एवढं मी पाहिलं आहे.

परवा एक शिपाई एका चिमुरडीला आत नेत होता. जयवंताबाईने त्यांना अडवलं, पोरीच्या हातात पेरू ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"कोनं मारलं तुले?"

"बुढ्यानं."

जयवंताबाईने तिचा हात धरला.

"नाई, माय. नातं नोको सांगू. नाव सांगजो त्याचं. आतमदी फकस्त नाव सांगजो."