खांदे खाली!

पियानो शिकणारे दोघे जरी एका ठिकाणी जमले, तरी सूर राहतात बाजूला आणि किस्सेच साठत जातात. मुळशी धरणाजवळच्या परेराबाईंच्या बंगल्यात आमचा रविवारचा क्लास भरे. पौडहून एसटीने येणारी मी, आणि धरणावरचे ओव्हरसियर कर्णिक.

मी परीक्षेत एकदा नापास झालेली. जलद, अवघड जागा आली की हाताचं लाकूड! यंदा पास झाले तरच पुण्याच्या शाळेतली संगीतशिक्षिकेची जागा मिळणार होती. नाहीतर "पुरे झाला तो पियानो," असं वडिलांनी बजावलेलंच.

*

पहिल्याच दिवशी बाईंनी माझा हात उचलून धरला. "आता सैल सोड."

सोडला. बाईंनी आपला हात काढून घेतला, तरी माझा तसाच हवेत!

"एसटी थांबवतेस का गं?"

*

मनगट हिसके देतं का ते बघायला बाईंनी कर्णिकांच्या उजव्या मनगटावर बिस्कीट ठेवलं. अर्धं पान झालं, बिस्कीट जागचं हललं नाही.

"छान! पण उजव्या हातानं कधी वाजवणार?"

"त्याच्यावर बिस्कीट आहे ना!"

*

वाजवताना मी श्वास रोखून धरायची. एकदा बाई ओरडल्या, "श्वास घे!" मी दचकून श्वास घेतला आणि हात थांबले.

"अगं, लोक दोन्ही एकदम करतात!"

*

बंगल्यावर भात कांडायला सोनामावशी यायच्या. एकदा दारात उभ्या राहून माझी झटापट बघत होत्या.

"ताई, आसं आवळून धरल्यालं कसं चालंल? मुसळ आपुन निस्तं उचलायचं. पडतंय त्याचं त्ये!"

बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "वीस वर्षं मी हेच इंग्रजीत सांगतेय!"

*

परीक्षेला पुण्यात स्टुलावर बसले ती खांदे कानाला लावूनच. ती अवघड जागा आली. तिच्याआधी क्षणभर थांबायचं असतं. तेवढ्यात मागे परीक्षक असे काही शिंकले, की मी वीतभर उडाले! दोन्ही हात धाडकन खाली आले ते नेमके हव्या त्या पट्ट्यांवर. अंगात त्राणच उरलं नव्हतं. पुढचं सगळं आपोआप वाहत गेलं.

निकाल आला. पास! खाली शेरा: "हात विलक्षण मोकळे. विद्यार्थिनी निर्भय."

कर्णिकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या,

"खरं सांग. कोणी दचकवलं?"