विहिरीवालीचा दुसरा भाग

वहिनी गेल्याची बातमी पांढुर्ण्याहून येणाऱ्या दुपारच्या मोटारीच्या कंडक्टरने आणली. एरवी तो वहिनींनी पाठवलेली संत्र्यांची पिशवी माझ्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर टेकवायचा आणि पाणी पिऊन पुढे जायचा. त्या दिवशी रिकाम्या हाताने आला, टोपी काढली आणि म्हणाला, "मास्तरांच्या घरच्या गेल्या, भाऊ. सकाळीच." मी एका बाईंना लुगडं उलगडून दाखवत होतो. ते तसंच हातात धरून बसून राहिलो... शेवटी त्या बाईंनीच माझ्या हातातून काढून घडी घातली. माझ्या तोंडाला सौंसरच्या बाजारात कधी कुलूप लागलं नाही, अशी माझी ख्याती आहे. त्या दुपारी मात्र मी दुकानालाच कुलूप लावलं.

गोदावरी वहिनी माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे पांढुर्ण्याला शाळामास्तर असलेल्या दादांच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या इंदूवहिनी. स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात कुसुम झाली आणि सव्वा महिन्याच्या आत इंदूवहिनी गेल्या. त्यांच्यावर माझा फार जीव होता, कारण माझ्या गोष्टी त्या तोंडाला पदर लावून हसत ऐकायच्या. दुसऱ्या वर्षी रामाकोन्याहून गोदावरी वहिनी आल्या. त्या हसायच्या नाहीत, मधेच विचारायच्या, "मंग पुढं?" गोष्ट सांगणाऱ्याला याहून मोठा अपमान नाही, असं मला तेव्हा वाटे. आठ वर्षं मी त्यांना 'नव्या वहिनी' म्हणत राहिलो. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा छोटा टाक बांधतात, त्यावर बाईची आकृती कोरलेली असते. दिवाळीला मी लुगडं नेलं, की वहिनी ते आधी गळ्यातल्या टाकाला लावायच्या, जणू इंदूवहिनींना विचारत असाव्यात, "घालू का?" मी दारात उभा राहून मनात म्हणायचो, देखावा आहे सगळा. अशी माझी माणसांची पारख!

आता सिनेमाकडे येतो. हिवाळ्यात, कापूस घरात आला की, सौंसरला टुरिंग टाकीजचा तंबू लागे. सिनेमाच्या पेट्या नागपूरहून रेल्वेने पांढुर्ण्याला उतरत, तिथून मोटारीने आमच्याकडे येत. एका हिवाळ्यात भुताचा सिनेमा आला. त्याचं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे त्याला 'विहिरीवाली' म्हणत. विहिरीत पडून मेलेली बायको, नवऱ्याने केलेली दुसरी बायको, रोज संध्याकाळी अंगणापासून माजघरापर्यंत उमटणारी ओली पावलं... आणि शेवटी पाठमोऱ्या बसलेल्या नव्या नवरीच्या गळ्याकडे मागून येणारे दोन ओले हात. हात गळ्याला लागले, बाई किंचाळली, आणि पडद्यावर अक्षरं आली, 'पुढची कथा दुसऱ्या भागात.' तंबूत असा काही गलका झाला, की पडद्याचा एक खांब वाकला. आमच्याकडे भुताच्या सिनेमाची परीक्षा एकच. पुढच्या शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला किती बैलगाड्या गेल्या? धसका घेतलेला माणूस तिथे जाऊन नारळ फोडून येतो, त्याशिवाय त्याला जेवण जात नाही. विहिरीवालीच्या पहिल्या शनिवारी गणपत गाडीवानाने दोन खेपा केल्या. सिनेमा पास!

पुढच्या उन्हाळ्यात कुसुम सुटीला आमच्याकडे आली. पोरगी नवव्या वर्षात, मी गोष्टीला भुकेला. तिला मी विहिरीवाली सांगितली. पावलं काढून दाखवायला ओट्यावर खरंच पाणी शिंपडलं. आता शेवट काही सिनेमात नव्हता. पण अर्धी गोष्ट सांगून उठणं माझ्या धर्मात बसत नाही. म्हणून तो मीच लावला. विहिरीवालीने सवतीचा गळा आवळला तो आवळलाच... हे सांगताना मी हातही आवळून दाखवले. कुसुम गप्प झाली. मला वाटलं, रंगली.

दुसरा भाग आला तो नेमका प्रांतांची उलथापालथ झाली त्या हिवाळ्यात. नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि आम्ही झालो भोपाळचे. दुकानात दिवसभर त्याचीच चर्चा, पण विहिरीवाली लागली तशी तीही मागे पडली. पहिल्याच खेळाला मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. ते दोन ओले हात गळ्याशी आले, आम्ही श्वास रोखले, आणि त्या हातांनी नव्या नवरीच्या पोतीची सुटलेली गाठ बांधून दिली. बस, एवढंच! पुढे ती विहिरीतली बाई तापाने फणफणलेल्या आपल्या पोराचा पाळणा हलवते, औषधाची बाटली कुठल्या फडताळात आहे ते नव्या बाईला दाखवते, आणि पहाटे आपल्या पावलांनी विहिरीकडे परत जाते. सकाळी माझ्या दुकानात निकाल लागू लागले. "सालभर थांबलो, अन् ही गाठ बांधून राहिली!" हे कापसाचे दलाल. "रडनारं भूत पाहाले तंबूत कायले जा लागते? आमच्या घरी हाय ना," हे शेजारचे किराणावाले, आतल्या दाराकडे पाहत हळूच. गणपत गाडीवान तर शोकात होता. "उद्याच्या शनिवारले एकानंबी गाडी नाही सांगतली, भाऊ. एकालेबी धसका नाही. हे काय भूत झालं?" तंबूचे मालक रोज सकाळी माझ्याकडे लोकमत ऐकायला बसत. त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगा." मी कातरी खाली ठेवून म्हणालो, "सेठ, ही विहिरीवाली नाही, ही मोलकरीण आहे. गुंडाळा." लोक हसले. मालकांनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी सिनेमा उतरवून पेट्या परत पाठवायचं ठरलं. आपल्या एका वाक्याने तंबू हलतो म्हणून मी दिवसभर खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने वहिनी आल्या. सोबत कुसुम. वहिनींच्या गळ्यात टाक नव्हता. कुसुमला आत माझ्या बायकोकडे पाठवून त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या.

"भाऊजी, उन्हाळ्यात पोरीले विहिरीवालीची गोष्ट तुम्ही सांगतली?"

"सांगतली."

"अन् शेवट?"

"शेवट तवा आलाच नव्हता, वहिनी."

"मंग लावला कोनं?"

मी लुगड्यांच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कोणी पुढे येईना. "मी," म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं ते असं. उन्हाळ्यापासून कुसुमने त्यांना 'आई' म्हणणं सोडलं होतं. 'मावशी' म्हणे, नाहीतर काहीच म्हणत नसे. वेणीला त्यांच्यासमोर बसत नसे. वहिनींना वाटलं, कोणीतरी पोरीचे कान भरले, आता ती आपली राहिली नाही. सहा-सात महिने त्यांनी हे दादांनाही सांगितलं नव्हतं. परवा पांढुर्ण्याला रेल्वेच्या फाटकाजवळ दुसऱ्या भागाचं पोस्टर लागलं, गळा आणि दोन ओले हात. ते पाहून कुसुम तिथेच ओरडली आणि घरी येऊन वहिनींच्या गळ्यातला टाक ओढू लागली. दोरा तुटला तेव्हा तिने सगळं सांगितलं. 'तुले आई म्हटलं तर ती चिडन. ती तं तुह्या गळ्याशीच बसली आहे, रोज!' पोरगी इतके महिने वहिनींना तोडत नव्हती, वाचवत होती...

"मी किती सांगतलं तिले. तुही आई मले मारीन कशी? मले मारलं तर तुह्या वेण्या कोन घालीन? आयकतच नाही. म्हनते, काकांनी सांगतलं आहे," वहिनी म्हणाल्या. "कंडक्टर म्हने, दुसऱ्या भागात ती मारत नाही. गाठ बांधते. हे तिनं डोयानं पाहिलं पाह्यजे. अन् सिनेमा तर तुम्ही म्हने पाडला. आता उभा करा."

त्या दिवशी शनिवार होता. संध्याकाळी खेळ नव्हता, कारण मालक पेट्या बांधत होते. मी तंबूकडे धावलो, म्हणालो सिनेमा चांगला आहे. मालक म्हणाले, "कालच मोलकरीण म्हणालात." मी म्हणालो, घरी गेल्यावर उतरला डोक्यात. त्यांनी विचारलं, "जामसांवलीला गाडी गेली?" या प्रश्नाला एकच उत्तर होतं. तासाभरात गणपतची गाडी भर बाजारातून निघाली आणि तिच्यात घोंगडी पांघरून, डोळे तारवटून, हातात नारळ घेऊन मी. आमच्या घराण्यात सिनेमा पाहून धसका घेतलेला मी पहिला आणि अजून तरी शेवटचा पुरुष. गणपत ओरडत होता, "भाऊले विहिरीवालीनं धरलं! दुसऱ्या दिवशी चढते म्हने!" कालपर्यंत माझ्यासोबत हसणारे दलाल ओट्यावरून उतरून पाहू लागले. किराणावाले म्हणाले, "मलेही काल जरा जड जड वाटून राहिलं होतं." जामसांवलीला पोचून मी मारुतीपुढे खरंच कान धरले. खोटं बोलून आलो, पण ज्यासाठी बोललो ते तुला ठाऊक आहे, असं म्हणून नारळ फोडला. परत येताना तीन गाड्या समोरून येताना दिसल्या... कशाचा धसका घेतला होता, ते त्यांनाच माहीत.

रविवारी संध्याकाळी तंबूत तीळ ठेवायला जागा नव्हती. बायकांची बाजू कनातीपलीकडे होती, म्हणून मी उभा राहून तिकडे पाहत होतो आणि मागचे लोक "ओ धसकेवाले, खाली बसा!" म्हणून ओरडत होते. पडद्यावर ओले हात गळ्याशी आले. कुसुमने दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. वहिनींनी ते काढले नाहीत, फक्त तिच्या कानाशी काही बोलल्या. तिने बोटं फाकवली. हातांनी गाठ बांधली. मागून कोणीतरी शिव्या दिल्या, कोणीतरी शिट्टी वाजवली. पाळणा हलला, बाटली सापडली, बाई विहिरीकडे निघाली, आणि तंबूभर 'फसवलं, फसवलं' चालू असताना मी पाहिलं, कुसुमने वहिनींच्या कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढलं होतं. तो टाक होता, नव्या काळ्या दोऱ्यात ओवलेला. एवढ्या गोंगाटात मला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मी ऐकलं असंच आजवर सांगत आलो आहे. "आई, मान वाकव न." पोरीने मागून हात घालून गाठ मारली. एकदा सुटली. पुन्हा मारली.

बाहेर पडताना लोकांनी मला घेरलं. "हे भूत? याच्यासाठी तुम्ही जामसांवलीले गेलते?" मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. वहिनी मागून येत होत्या, कुसुम त्यांच्या खांद्याला डोकं लावून चालत होती. मीच त्यांना विचारलं, कसा वाटला सिनेमा. त्या म्हणाल्या, "पहिला भाग ज्यानं लिहिला त्याच्या घरी कोनी मेलं नसन, भाऊजी. दुसरा लिहिनाऱ्याच्या मेलं असन." सौंसरच्या तंबूत लागलेल्या एवढ्या सिनेमांवर एवढी मतं मी ऐकली, दिली, पाडली, उभी केली. इतकं नेमकं मत दुसरं ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्या माझ्या 'वहिनी' झाल्या. पुढच्या दिवाळीला लुगडं टाकाला लागलं, तेव्हा मी दारात उभा न राहता आत जाऊन बसलो. आणि गोष्टी सांगताना त्यांनी "मंग पुढं?" विचारलं की थांबून नीट विचार करू लागलो, की पुढचं जे मी सांगणार आहे ते कोणाच्या गळ्याशी जाऊन बसेल... गोष्ट सांगणाऱ्याला एवढी शिकवण देणारी श्रोती मिळाली. मी त्यांचं जे देणं लागतो, ते मला फेडता येणार नाही, आणि त्यांनी कधी आठवणही करून दिली नाही.

मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याला गेलो होतो. दादा झोपाळ्यावर पेपर उलटा धरून बसले होते. कुसुम आता दोन लेकरांची आई. तिच्या धाकटीने जेवताना विचारलं, "आई, आजी आता भूत होईन का?" कुसुम पोळी वाढत म्हणाली, "झाली तं झाली. पहिले तुलेच विचारीन, भाजी कायले टाकली म्हनून." धाकटीने निमूट भाजी संपवली.

दुपारी सगळे पडले होते, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनींची एक रीत होती. कोणीही पाण्यासाठी उठलं, की तो उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत त्या उठलेल्या असत, भांडं घासून, भरून पुढे करत. एवढ्या वर्षांत त्या घरात मी माझ्या हाताने कधी पाणी घेतलं नव्हतं. मी माठाजवळ गेलो आणि मांडणीवरचं एक झाकण खाली पडून फरशीवर गरगरत राहिलं. मांजर असेल, उंदीर असेल. भुतांच्या गोष्टींवर आयुष्य काढलेल्या माणसाने अशा वेळी निदान दचकायला हवं होतं. मी झाकण उचललं, धोतराला पुसलं, जागेवर ठेवलं आणि म्हणालो, "घेतो मी वहिनी. बसा तुम्ही."