आत्तीची बंदिश

आमच्या मिरजेत दत्तजयंतीच्या गाण्याला एक म्हातारे गृहस्थ येतात. ते कायम मागच्या खांबाला टेकून बसतात. सोबत कुणी नसतं. डोळे मिटलेले, समेवर फक्त अंगठा हलतो. पण शेवटी गायकानं भैरवीतली एक ठरावीक बंदिश 'थोरल्या बुवांची' म्हणून सांगितली, की खांबाआडून आवाज यायचा, "बुवांची न्हाई! माझ्या आत्तीनं बांधलीया!"

लगेच पुढच्या रांगेतले बुवांचे एक म्हातारे शिष्य वळायचे. "आवं, बाईंनी बांधली असती तर आमच्या कानावर आलं नसतं व्हय? बुवांचीच हाय!"

वर्षानुवर्षं हेच. मला वैताग यायचा. बाकीचे मात्र त्यासाठीच भैरवीपर्यंत थांबायचे. मग दोघंही एकमेकांकडे न बघता चपला शोधायचे.

गेल्या पावसाळ्यात शिष्य वारले.

यंदा गायिकेनं बंदिश सुरू करण्याआधी आदरानं आत्तीचं नाव घेतलं. आम्ही सगळे मागं वळलो. ते पुढच्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग खांबाला धरून उठले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाईंची न्हाई. बुवांचीच हाय!"

कुणी उलटून बोलेल म्हणून ते तसेच उभे राहिले. शेवटी गायिकेनं बंदिश सुरू केली, तरी ते उभेच होते.